रेखिलेलें आणि टिकलेलें

बँकेच्या कार्डावरील चकाकणारें चित्र आमच्या वैशाखांतहि शाबूत राहतें. मग प्रयोगशाळेंतले कांहीं होलोग्राम पावसाळ्यांत रंग कां बदलतात, असें अकोल्याचे एक वाचक विचारतात. प्रश्न मार्मिक आहे. एकाच नांवाखालीं येथें दोन निराळ्या वस्तु वावरत आहेत.

ग्रीक ‘होलोस्’ म्हणजे समग्र आणि ‘ग्रामा’ म्हणजे लेख. आपण ‘समग्रलेख’ म्हणावें. डेनिस गाबोर यांनीं 1947 सालीं ही कल्पना काढिली; 1960 मध्यें लेसर निघाल्यावर ती खरी फळास आली, आणि 1971 सालीं गाबोर यांस नोबेल पारितोषिक मिळालें. दोन प्रकाशझोत एकमेकांस मिळाले म्हणजे उजळ व काळ्या रेषा आळीपाळीनें उमटतात. एका मिलिमीटरांत त्या हजाराहूनहि अधिक असूं शकतात. त्या धरून ठेविल्या कीं विवर्तनाची जाळी झाली.

कार्डावर ही जाळी साच्यानें दाबून उमटविलेली असते व तिजवर धातूचा पातळ थर असतो. म्हणून ती बळकट. प्रकाशबहुवारिकाची गोष्ट वेगळी. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, अॅक्रिलअमाइड, ट्रायइथॅनोलअमाइन आणि मेथिलीन ब्लू नांवाचा निळा रंग पाण्यांत कालवून कांचेवर ओततात व वाळवितात. आपल्याकडे कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठांत या जातीच्या पटलांवर पुष्कळ काम झालें आहे. (अॅक्रिलअमाइड विषारी आहे, घरच्या मुलांनीं हा उद्योग करूं नये.) तांबडा प्रकाश जेथें पडतो तेथें सुटे अणुसमूह जोडले जाऊन सांखळ्या होतात. तेथील तूट भरून काढण्यास काळ्या रेषांतील सुटे अणुसमूह उजळ रेषांकडे सरकतात. दोहोंच्या वक्रीभवनांकांत अंतर पडतें, आणि रेघ उमटते.

परंतु दिवा मालवला म्हणून ही हालचाल थांबत नाहीं. उरलेसुरले सुटे अणुसमूह फिरतच असतात. आंखूड सांखळ्याहि जागा सोडतात. रेषा विरूं लागतात आणि जाळीनें वळविलेला प्रकाश दिवसेंदिवस मंदावतो. उष्णतेनें ही चाल वाढते, आणि मे महिन्यांत 44-45 अंश हें अकोला-अमरावतीस नवल नव्हे. पुढें श्रावणांत तेंच पटल ओल शोषून फुगतें. ज्या जाळीच्या रेषा पृष्ठभागाशीं समांतर थरांनीं असतात, तिची जाडी शेंकडा 1 नें घटली तर 633 नॅनोमीटरचा तांबडा सुमारें 627 वर येतो. फुगली तर उलट दिशेस जातो. वाचकांस दिसलेला रंगबदल तो हाच.

उपाय आहेत. रेखन होतांच सर्व पटलावर सारखा प्रकाश पाडून उरलेले सुटे अणुसमूह संपवितात. सांखळ्या एकमेकींस आडव्या बांधणारें द्रव्य मिसळतात. वर कांच बसवून कडा बंद करितात. कोचीनकरांनीं चांदीचे आयन घालूनहि पाहिलें. तथापि अमुक इतका मजकूर साखरेच्या खड्याएवढ्या जागेंत मावतो, अशी वर्णनें वाचतांना मी प्रथम विचारतों कीं तो किती पावसाळ्यांनंतर वाचून पाहिला. पहिल्या दिवसाचा उजळपणा मोजणें सोपें. घरची कागदपत्रें नातवापर्यंत पोंचवावयाचीं असतील तर दुसरा आंकडा हवा.

डब्लिन येथील संशोधकांनीं मात्र या दोषासच कामाला लाविलें. हवेंतील ओल वाढली कीं रंग पालटणारे होलोग्राम त्यांनीं याच जातीच्या पटलांत तयार केले. ते पाहण्यास साधा डोळा पुरतो, वीजहि लागत नाहीं.