टोपलीचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास कर्जत-खालापूर परिसरातील भातकापणी आटोपते. जमिनीतील ओलाव्यावर वाल पेरला जातो. राजनाल्याचे वा विहिरीचे पाणी पोहोचते तेथे भाजीपालाही होतो. अशा शेतकऱ्यास हंगामाआधीच पैसे देऊन दर आठवड्यास भाजीची टोपली घ्यावी काय, हा प्रश्न आता अनेक कुटुंबांपुढे आहे. जपानमध्ये ही पद्धत १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने रुजली. मुंबईतील ‘हरी भरी टोकरी’ हा उपक्रमही त्याच धर्तीचा.

ही रक्कम ठेव नव्हे, विनातारण उचल आहे. अवकाळी पावसाने पीक गेले तर टोपली हलकी येते. भरपाई मागता येत नाही. मात्र त्याच पैशांतून बियाणे व मजुरी भागते आणि शेतकऱ्यास सावकाराकडे जावे लागत नाही.

आपल्या घरांत आणखी दोन प्रश्न उद्भवतात. मुळा, गाजर, बीट यांऐवजी दुधी, पडवळ वा शेंगा मिळतील काय, हे आधीच लेखी ठरवावे. दुसरे असे की, फवारणी नसलेल्या पालेभाजीत जीव अधिक असतात; ती जयणेने निवडण्यास वेळ लागतो. हे काम घरातील एकाच स्त्रीवर पडणार असेल, तर सभासद न होणेच बरे.

माझे मत असे : तीन-चार कुटुंबांनी मिळून एकाच हंगामापुरती टोपली घ्यावी, शेत प्रत्यक्ष पाहावे आणि मार्चअखेर हिशेब मांडावा. त्यात बाजारभावाबरोबर शेतकऱ्याची जोखीमही धरावी.