‘शांत’ डहाणूला निघालात?

सेमिस्टर संपली की प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज पडतोच, ‘चला ना, कुठेतरी जाऊया.’ मग गोवा. मग गोव्याचं बजेट. मग अलिबाग. मग अलिबागची वीकेंडची गर्दी आठवते. शेवटी सगळे मेसेज वाचून गप्प बसतात आणि प्लॅन आपोआप मरतो. गेल्या डिसेंबरात आमचंही हेच चाललं होतं. तेवढ्यात एकीने रील टाकलं. सुरूची झाडं, रिकामा किनारा आणि वर लिहिलेलं, ‘मुंबईजवळचं हिडन जेम.’ ते होतं डहाणू-बोर्डी. बोरिवलीहून लोकलने जाता येतं आणि तिकीट कॅफेतल्या कोल्ड कॉफीपेक्षा स्वस्त. आम्ही चौघी निघालो.

आधी हे सांगते की तुम्हीही जा. अंधेरी, बोरिवलीवाल्यांना लोकलच्या पासावर जगायची सवय आहे, पण विरारच्या पुढे रेल्वे जाते हे आपल्याला फक्त इंडिकेटरवर दिसतं. 2013 पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. विरार सुटलं की डबा रिकामा होतो, वैतरणेचा पूल येतो, खाडी, मिठागरं, भाताची खाचरं. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू. गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे वेळापत्रक बघूनच घर सोडा. थेट गाडी नसेल तर विरारला बदलावी लागते. मुलुंड, घाटकोपरवाल्यांना आधी वेस्टर्न लाइन गाठावी लागेल, त्याला इलाज नाही.

स्टेशनबाहेरून रिक्षाने पारनाक्याच्या किनाऱ्यावर जाता येतं. तिथून बोर्डीपर्यंतचा रस्ता समुद्राला बिलगून जातो, एका बाजूला सुरूचं बन आणि दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. यातल्या कितीतरी वाड्या इराणी कुटुंबांच्या. इथल्या चिकूला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, म्हणजे ‘डहाणू घोलवड चिकू’ हे नाव आता कायद्याने इथलंच. बोर्डीला ओहोटी लागली की पाणी इतकं मागे जातं की समुद्र शोधायला चालत जावं लागतं. आम्ही गेलो, चिखलात रुतलो, खूप हसलो. धाकटी डहाणूला बांबूंवर बोंबील वाळत होते. त्या वासाने आमच्यातल्या दोघींनी नाकाला ओढणी लावली. मला त्याची आता थोडी लाज वाटते.

रात्री मी आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला फोटो पाठवले. ती याच तालुक्यातली, समुद्रकाठच्या गावातली. मी लिहिलं, ‘काय शांत आहे गं तुमच्याकडे!’ तिचा रिप्लाय आला, ‘तू शनिवारी आलीस म्हणून शांत. सोमवारी पहाटेच्या लोकलला ये.’ आणि थोड्या वेळाने, ‘हिडन कुणापासून गं? आम्ही तर इथेच आहोत.’

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

ती पदवीची तीन वर्षं मुंबईला अप-डाऊन करत होती. सकाळचं लेक्चर पकडायला अंधारात निघायचं, आणि आम्ही ‘नेहमी उशिरा येते’ म्हणून तिला चिडवायचो. तिच्या गावात कुणाचं दुखणं वाढलं तर पेशंटला वापी, वलसाड किंवा सिल्वासाला न्यायचा निर्णय घ्यावा लागतो. आपल्या स्टेशनांबाहेर टोपल्या घेऊन बसणाऱ्या कितीतरी बायका याच पट्ट्यातून येतात. म्हणजे ज्या लोकलने आपण शनिवारी ‘ब्रेक’ घ्यायला जातो, तीच लोकल त्यांची रोजची नोकरी आहे.

आणि ज्या शांततेचे आपण रील बनवतो, ती आपोआप टिकलेली नाही. हे मला परत आल्यावर वाचायला लागल्यावर कळलं, आणि खरं तर या लेखाचं कारण तेच आहे. केंद्र सरकारने 1991 मध्ये अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि तिथल्या उद्योगांवर मर्यादा घातल्या. तालुक्याभोवतीच्या 25 किलोमीटरच्या पट्ट्यालाही नियम लागू झाले. नियम कागदावरच राहतील असं दिसल्यावर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1996 मध्ये कोर्टाच्या आदेशावरून डहाणूसाठी एक वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. एका तालुक्याच्या पर्यावरणासाठी स्वतंत्र प्राधिकरण! वाढवण गावाजवळ मोठं बंदर बांधायचा प्रस्ताव तेव्हाही होता, एका ऑस्ट्रेलियन कंपनीचा. 1998 मध्ये या प्राधिकरणाने तो अडवला. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. कुणीतरी याचिका केल्या, कुणीतरी मोर्चे काढले, म्हणून आपल्याला सुरूखाली बसून मॅगी खाता आली.

तेच बंदर आता परत आलंय. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने त्याला मंजुरी दिली, जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने, आणि 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. खर्च 76,220 कोटी रुपये. किनाऱ्याजवळच समुद्र सुमारे 20 मीटर खोल असल्यामुळे तिथे प्रचंड मोठी कंटेनर जहाजं लागू शकतात, म्हणून जागा हीच. त्यासाठी समुद्रात 1,400 हेक्टरहून जास्त भराव टाकायचा आहे. सरकार म्हणतं, जगातल्या पहिल्या दहा बंदरांत हे असेल आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून 12 लाख रोजगार येतील. मच्छीमार म्हणतात, जिथे भराव टाकताय तिथेच आमची मासळी पैदा होते. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा तिथल्या भिंतींवरही वाचायला मिळते. आम्ही ती रिक्षातून वाचली होती. फोटो मात्र सूर्यास्ताचा काढला.

मी मैत्रिणीला विचारलं, तुमच्या घरी काय म्हणतात? ती म्हणाली, घरी दोन पक्ष आहेत. तिचे बाबा बोटीवर जातात, त्यांच्यासमोर बंदराचं नावही काढायचं नाही. भाऊ डिप्लोमा करून दोन वर्षं बोईसरच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. तो म्हणतो, ‘पर्मनंट नोकरी देणार असतील तर मी पहिला फॉर्म भरेन.’ आई जेवण वाढते आणि दोघांनाही गप्प करते. मी अगदी भाबडेपणाने विचारलं, ‘आणि तुला काय वाटतं?’ ती म्हणाली, ‘मला वाटतं, तुमच्याकडे रिक्लेमेशन झालं तेव्हा तुम्हाला कुणी शांत राहा म्हणालं का?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपलं अख्खं शहर भरावावर उभं आहे. गोराई आणि वर्सोव्याचे कोळीवाडे आपल्या डोळ्यांसमोर आक्रसत गेले. मग ‘डहाणूने हिरवंच राहावं, म्हणजे मला वीकेंडला जाता येईल’ असं म्हणणारी मी कोण? तिथल्या माणसांनी आपल्या सुट्टीसाठी गरीब राहायचं का?

तरीही माझं मत सांगते, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला ही घाई पटत नाही. मासेमारी बंद पडणं हे नुकसान आहे, ते पहिल्या दिवसापासून सुरू होतं, ज्याच्या दारात होतं त्याला ते माहीत आहे. 12 लाख रोजगार हा अंदाज आहे, आणि त्यातली किती कामं मैत्रिणीच्या भावाच्या वाट्याला येतील, हे मला कुठल्याच प्रेस नोटमध्ये वाचायला मिळालं नाही. तारापूरला अणुवीज केंद्र आलं, बोईसरला एमआयडीसी आली, डहाणूला औष्णिक वीज केंद्र आलं. तरी त्या घरातला डिप्लोमावाला अजून कॉन्ट्रॅक्टवर आहे. हे बघितल्यावर मला बाबांचा राग जास्त समजतो. भावाशी मी वाद घालणार नाही, त्याच्या जागी असते तर मीही फॉर्म भरला असता. पण ज्या गावांचा किनारा जाणार आहे, त्यांचा आवाज भूमिपूजनाच्या लाऊडस्पीकरपेक्षा मोठा असायला हवा होता.

आपण काय करायचं? मोर्चाला चला असं मी म्हणत नाहीये. निदान ‘हिडन जेम’ लिहिणं बंद करूया. बोर्डीला जाल तेव्हा आत कोसबाडच्या टेकडीवरही जा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत आदिवासी मुलांसाठी सुरू केलेली बालवाडी पुढे तिथे गेली. आपल्या आज्या-आयांच्या पिढीची ‘अंगणवाडी’ ही कल्पना या मातीतून आली. वारली चित्रं टी-शर्टवर घालत असाल तर जिव्या सोमा म्हशे कोण हे शोधा. पद्मश्री मिळालेला तो चित्रकार याच तालुक्यातल्या पाड्यावरचा. मासळी मुंबईहून नेलेल्या डब्यातली नको, तिथल्या मावशींकडून घ्या आणि भाव करताना जरा आवरा. आणि रिकाम्या पाकिटांचं ओझं परत आणा, सुरूच्या मुळाशी आमच्या आधी येऊन गेलेल्यांची वेफर्सची पाकिटं होती, बहुतेक मुंबईतल्याच दुकानांची.

येताना आम्ही वाडीवरून दोन किलो चिकू घेतले. कच्चेच मिळतात, घरी तांदळाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवावे लागतात. मंगळवारी कॉलेजला मैत्रिणीला एक पिकलेला नेऊन दिला. तिने हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाली, ‘अजून एक दिवस थांबायला हवं होतं.’ मग तिथेच सोलून अर्धा मला दिला. आता फेब्रुवारीत मी तिच्या घरी जाणार आहे. रविवारी नाही, सोमवारी. पहाटेच्या लोकलने तिच्यासोबत परत येणार आहे. बसायला जागा मिळेल का विचारलं, तर नुसती हसली.