तंबूतल्या पाहुण्यांचे सरपण



मे महिना सरत आला की भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे पाहायला मंडळी येऊ लागतात. पवना धरणाच्या काठी तर थंडीभर तंबू लागलेले असतात. जागा आपली, तंबू आपला, पिठलं-भाकरी घरच्या बाईच्या हातची. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घराला चार पैसे मिळतात, त्यात वावगे काही नाही. पण रात्र पडली की पाहुणा म्हणतो, "मामा, शेकोटीला थोडी लाकडं आणा ना." मग मामा पोराच्या हाती कुऱ्हाड देऊन त्याला वरच्या रानात धाडतात. आजचे बोलणे त्या लाकडांबद्दल आहे.

काटकी कोणाची? वेचील त्याची, असे आपण समजतो. कायदा मात्र आधी विचारतो की ती काटकी पडली होती कोणाच्या जमिनीवर. एकाच गावच्या शिवारात याची तीन-चार निरनिराळी उत्तरे निघतात.

राखीव वनाचे उत्तर सर्वांत कडक आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे तेथे परवानगी दिलेली नाही ते सारे मना. झाड तोडणे, फांदी छाटणे, साल काढणे, विस्तव पेटवणे हे तर आलेच, पण वाळून खाली पडलेली फांदी उचलून नेणेही त्यातच येते. गुन्हा धरला गेला तर मालाबरोबर कुऱ्हाड, कोयता, गाडी आणि बैलसुद्धा जप्त होऊ शकतात. दोन मोळ्यांपायी बैलजोडी अडकणे कोणाला परवडेल? संरक्षित वनात गोष्ट उलट असते. तेथे सरकारने ज्याची मनाई केली असेल तेवढेच मना. पण कशाची मनाई आहे ते ठिकाणाप्रमाणे बदलते, तेव्हा आपल्या वनरक्षकालाच विचारावे. विदर्भात मालगुजारीच्या काळापासून चालत आलेले निस्ताराचे हक्क आहेत, तसे ते पुणे-नगरकडे नाहीत. पाहुण्यांच्या गावचा नियम आपल्या गावाला लावू नये.

आता अभयारण्य. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही दोन्ही अभयारण्ये आहेत, आणि डोंगर चढणारी, तंबूत राहणारी मंडळी नेमकी तिकडेच फार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात एक वाक्य आहे, ते घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे. अभयारण्यातून परवानगीने वनोपज काढले, तरी ते आत व आसपास राहणाऱ्या लोकांच्या खऱ्याखुऱ्या घरगुती गरजेपुरते वापरायचे; धंद्यासाठी नाही. म्हणजे आपल्या चुलीखाली घातली तर ती गरज झाली. तीच मोळी तंबूवाल्याला शंभर रुपयांना दिली की धंदा झाला. लाकूड तेच, रान तेच, पण गुन्हा होतो. आणि पकडली जाते ती डोक्यावर मोळी असलेली आपली सून किंवा पोर. शेकणारे पाहुणे सकाळी मोटारीत बसून निघून गेलेले असतात. मला या सगळ्या प्रकरणात खुपते ते हेच.

वनहक्काचे काय, असे काहीजण विचारतील. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंट यांचा उल्लेख आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने आपले जंगल आपण सांभाळून दाखवले. तुमच्या गावाला असा हक्क मिळाला असेल तर ग्रामसभेने काय ठरवले आहे ते पाहावे. तो हक्क गावच्या माणसाचा आहे, मुक्कामाच्या पाहुण्याचा नाही.

गायरानातले सरपण ग्रामपंचायतीला विचारून, रस्त्याकडेचे झाड बांधकाम खात्याचे, कालव्यावरचे पाटबंधाऱ्याचे. तिकडे फारसे घोळत बसू नये.

उरले स्वतःचे रान. येथेही १९६४ चा झाडे तोडण्याविषयीचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, खैर, फणस, जांभूळ, हिरडा अशी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सुबाभूळ व गिरिपुष्प यांची त्यात गणना नाही. तेव्हा तंबूचा जोडधंदा करायचाच असेल तर या पावसाळ्यात बांधाने गिरिपुष्पाच्या काड्या लावून टाका. पाला शेताला खत, फांदी शेकोटीला. मात्र फांदी तोडून लगेच जाळू नये. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. बरीच आच ते पाणी उडवण्यात जाते आणि डोळ्यांत धूर तेवढा येतो. उन्हाळ्यात फोडून, आडोशाला रचून, वरून झाकून ठेवावे. तुराट्या, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या शेकायला चांगल्या. फवारलेल्या काड्यांवर मात्र कणीस भाजू नये. कण्हेरीची काडी तर कशालाच नको, ती विषारी आहे.

सरपणाचा विषय निघालाच आहे म्हणून कापसाच्या भागातल्या वाचकांना सांगतो. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवता, तिच्यात राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसते आणि पुढच्या पिकावर उतरते. बोंडे आधी वेचून नष्ट करावीत आणि पऱ्हाटी पुढच्या लागवडीआधी जाळून संपवावी.

पाहुण्याला लाकडाचा दर आधीच सांगावा. जेवणात फुकट धरू नये. फुकट असले की मोठा जाळ होतो, आणि एका रात्रीत घरची दोन-तीन दिवसांची चूल जळून जाते. काजवे पाहायला आलेल्यांनी तर जाळ करूच नये. उजेडात काजवे दिसायचे कसे?

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. शेकोटी गंजीपासून, गवतापासून लांब, खड्डा काढून, कडेने दगड लावून करावी. निजण्यापूर्वी पाणी ओतावे, राख ढवळावी, पुन्हा ओतावे. हात लावता येईल इतकी गार झाली की मगच उठावे. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी कोणी तंबूत घेऊ लागला तर सरळ हातातून काढून घ्या. बंद तंबूत निखाऱ्याचा विषारी वायू कोंडतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. एखादी गोधडी जास्त द्या.