भाड्याच्या खोलीची नोंद आणि खोलीतली हवा

दिघ्यात एका खोलीत पाच-सहा जणांनी राहणे यात नवल काही नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत पाळीने काम करणारी मुले दहा बाय दहाची खोली घेतात, भाडे वाटून भरतात, आणि रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याच्या अंथरुणावर आडवा होतो. आज या खोलीच्या करारनाम्याविषयी लिहायचे आहे. आरोग्याच्या सदरात कराराचे काय काम, असे वाचक विचारतील. काम आहे, आणि बरेच आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे खोली भाड्याने देताना लेखी करार करून तो नोंदवणे बंधनकारक आहे. जबाबदारी मालकाची. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शहरी भागात नोंदणी फी १००० रुपये, शिवाय भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक. सहा हजार भाड्याच्या खोलीला अकरा महिन्यांसाठी हा खर्च बाराशेच्या घरात जातो, दलालाचे निराळे. जबाबदारी मालकाची असली तरी पैसे बहुधा मुलांच्याच खिशातून निघतात.

माझी तक्रार या रकमेबद्दल नाही. एवढे पैसे घेऊन त्या खोलीत कोणी डोकावत नाही, ही तक्रार आहे. करारात नावे असतात, भाडे असते, अनामत असते. खिडकी आहे का, माणसे किती झोपतात, पाण्याचे पिंप झाकलेले असते का, हे कोणी लिहीत नाही.

क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत तासन्तास तरंगत राहतात. तरीही माझ्याकडे येणारा कामगार दोन-दोन महिने खोकला अंगावर काढून आलेला असतो. औषधे सरकारी केंद्रात फुकट आहेत, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १००० रुपयेही मिळतात. मग अडते कुठे? भीती खोलीची असते. सोबत्यांना कळले तर बाहेर काढतील, आणि करारात नाव नसल्याने दाद कुठे मागणार? तो गुपचूप गावी जातो आणि सहा महिन्यांचे औषध मध्येच सुटते. वास्तविक योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. त्याला हाकलण्यापेक्षा सोबत्यांनी स्वतःची तपासणी करून घेणे अधिक शहाणपणाचे.

इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे एका घरात राहत असतील तर मालकाला परवाना घ्यावा लागतो. फी तिथली नगरपरिषद ठरवते. २०१८ पासून झोपण्याच्या खोलीला एका प्रौढासाठी किमान ६.५१ आणि दोघांसाठी १०.२२ चौरस मीटर जागा हवी, म्हणजे साधारण ७० आणि ११० चौरस फूट. आपली दहा बाय दहाची खोली तिथे दोघांनाही अपुरी! हा नियम इथे जसाच्या तसा लावला तर अर्धे दिघे रस्त्यावर येईल. तो नको.

दुसरी अडचण घरचीच आहे. २०१५ साली उच्च न्यायालयाने दिघ्यातील बेकायदा इमारतींवर कारवाईचे आदेश दिले, तेव्हाची धावपळ इथला माणूस विसरलेला नाही. ज्याची इमारतच वादात, तो मालक नोंदणीच्या वाटेला कशाला जाईल? फी वाढवली तर तो आणखी दडेल, आणि दाटीच्या खोल्या नोंदीबाहेरच राहतील.

म्हणून माझे म्हणणे असे. महापालिकेने सामायिक खोल्यांची स्वतंत्र आरोग्य-नोंद ठेवावी. वर्षाला खोलीमागे शंभर रुपये, तेही मालकाकडून. ही नोंद इमारत अधिकृत असल्याचा पुरावा मानू नये, तशीच ती पाडण्याच्या कामीही वापरू नये. त्या शंभर रुपयांत आरोग्य कर्मचाऱ्याने वर्षातून दोनदा यावे, झडप नसेल तर मालकाला बसवायला लावावी, खोकणाऱ्याचा बेडका तपासायला न्यावा. आणि माणसे मोजताना दोन्ही पाळ्यांची मोजावीत. नाहीतर दिवसा जाणाऱ्याला खोलीत दोघेच झोपलेले दिसतील, आणि तेवढेच लिहून तो परतेल.