बाळ आजारी नसतानाही दवाखाना

‘लेकरू हसतंय, खेळतंय, मग दवाखान्यात कशाला?’ असे वस्तीतील आजीबाई विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. पण बालरोगतज्ज्ञाचे बरेचसे काम बाळ ठणठणीत असतानाच होते. तापाने फणफणलेल्या, रडणाऱ्या बाळाची वाढ नीट तपासता येत नाही.

जन्माच्या वेळचे वजन साधारण 5 महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. दोन-तीन महिने काटा हललाच नाही, तर दूध कमी पडते का, वारंवार जुलाब होतात का, क्षय तर नाही ना, हे शोधावे लागते. रोज कडेवर घेणाऱ्या आईलाही हे जाणवत नाही, कार्डावरची रेषा मात्र दाखवते. डॉक्टर डोक्याचा घेर मोजतात, छाती तपासतात. बाळ मान धरते का, आवाजाकडे वळते का, हे विचारतात. तेव्हा मनात असेल ते सांगावे, लाजू नये. (मेडिकलमधून आणलेली टॉनिकची बाटली यातले काहीच करीत नाही, पैसे तेवढे खाते!)

खासगी फी परवडत नसेल तर अंगणवाडीत वजन होते आणि सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. जन्मतः, मग 6, 10, 14 आठवड्यांनी, पुढे 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि 16 ते 24 महिन्यांत. गावी गेल्याने डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मात्र काही लसींना वयाची मर्यादा असते, म्हणून परतल्यावर लगेच जा. कार्ड रेशनकार्डाबरोबर ठेवा, गावी जाताना सोबत न्या.