शब्दविचार : ‘याफे’ आणि ‘शोभणें’

बायबलच्या जुन्या करारांत ‘सुंदर’ या अर्थीं ‘याफे’ हा हिब्रू शब्द येतो. उत्पत्तीच्या पुस्तकांत राहेलीचें, आणि पुढें तिचा पुत्र योसेफ याचेंही, रूप याच शब्दानें वर्णिलें आहे.

परंतु उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायांत जन्म, मरण, रुदन, हास्य यांचे नेमलेले काळ सांगून झाल्यावर, ईश्वरानें सर्व कांहीं आपापल्या वेळीं ‘याफे’ केलें, असें म्हटलें आहे. मरण सुंदर कसें?

आपल्या ‘शोभणें’ या क्रियापदानें हें कोडें उलगडतें. संस्कृत ‘शुभ्’ म्हणजे झळकणें. पण अलंकार गळ्यांत शोभतो, तसेंच ‘हें बोलणें तुला शोभत नाहीं’ असेंही आपण म्हणतों. तेथें शोभा म्हणजे औचित्य. उपदेशकाचा ‘याफे’ही असाच, वेळेला साजेसा.

यंदा आमच्या कुटुंबानें केसांस कलप लावणें सोडिलें. सुना हळहळल्या. मीं एवढेंच म्हटलें, “तुला हें शोभतें.” चाळीस वर्षांच्या संसारांत तिच्या रूपाविषयीं माझ्या तोंडून निघालेला हा पहिलाच शब्द. तो मात्र वेळेवर निघाला, असें म्हणवत नाहीं.