निर्वाताची साक्ष आणि विश्वाचा आकार

१/ निर्वात पोकळीत दोन धातूच्या पट्टिका अगदी जवळ आणल्या की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. हा कॅसिमिर परिणाम. ‘विश्वाची जडणघडण निर्वातातून वाचता येते, हे प्रयोगाने सिद्ध झाले’ अशी उडी यावरून घेतली जाते. इतिहास तिला आधार देत नाही.

२/ नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत हेन्ड्रिक कॅसिमिर यांच्यापुढचा प्रश्न विश्वाचा नव्हताच. द्रवात विखुरलेल्या सूक्ष्म कणांमधील आकर्षण दूरवर अपेक्षेहून लवकर का क्षीण होते, या शोधातून १९४८चे पट्टिकांचे गणित निघाले.

३/ १९५८मध्ये स्पारने यांनी मोजमाप केले; त्रुटी एवढी की निकाल ‘सिद्धान्ताशी विसंगत नाही’ इतकेच म्हणता आले. खात्रीलायक मापनासाठी १९९७ उजाडले. लामोरो यांनी ०.६ ते ६ मायक्रोमीटर अंतरावर ते केले.

४/ आता आकाराकडे. कागदाची नळी करा. तिच्यावरील लहान त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच राहते. पण नळीभोवती सरळ चालणारी मुंगी निघाल्या जागी परतते. वक्रता तीच, जोडणी निराळी. ही जोडणी म्हणजे संस्थिती. आइन्स्टाइनची समीकरणे ती ठरवत नाहीत, हे फ्रीडमन यांनी १९२०च्या दशकातच बजावले होते.

५/ बंद विश्वात लहरींना फेरी पूर्ण करून स्वतःशी जुळावे लागते. म्हणून पट्टिकांविनाही निर्वाताची ऊर्जा बदलते. डिविट, हार्ट व आयशम यांनी १९७९मध्ये याचा सविस्तर विचार मांडला. सिद्धान्त भक्कम आहे. वाद त्याच्याशी नाही.

६/ वाद पुराव्याशी आहे. प्रयोगशाळेत पट्टिकांची सीमा असते. बंद विश्वाला सीमाच नसते. शिवाय अंतर दुप्पट केले की दाब सोळावा हिस्सा उरतो. मायक्रोमीटरवर जे जेमतेम मोजता येते, ते अब्जावधी प्रकाशवर्षांवर कसे मोजणार? आणि २००५मध्ये जॅफी यांनी दाखवले की निर्वात-ऊर्जेचे नावही न घेता हे बल काढता येते.

७/ संस्थितीची खरी तपासणी आकाशात झाली. विश्व पुरेसे लहान व बंद असते, तर वैश्विक पार्श्वप्रारणात जुळणाऱ्या वर्तुळांच्या जोड्या दिसल्या असत्या. डब्ल्यूमॅप व प्लांक उपग्रहांच्या नोंदींत त्या सापडल्या नाहीत.

८/ दोन गोष्टींचे गणित सारखे असले म्हणून एकीचा पुरावा दुसरीला लागू होत नाही. बखरीतील मजकूर समकालीन पत्राशी ताडून पाहणाऱ्या वाचकाने विज्ञानाच्या इतिहासालाही तीच कसोटी लावावी.